ओव्ह्युलेशन स्ट्रिप सहा महिने वापरून: पट्टी चांगली, माहितीपत्रक चुकीचं, ॲप डिलीट

सहा महिने वापरून मग लिहितेय, पाकीट उघडायच्या आधीच पाच स्टार देणाऱ्यांतली मी नाही. प्रॉडक्ट म्हणजे ओव्ह्युलेशन (अंडाशयातून बीजांड बाहेर पडणं) टेस्ट किट. पन्नास पातळ पट्ट्या, एक घडीचं माहितीपत्रक आणि एक ॲप ज्यात रोज पट्टीचा फोटो काढून टाकायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मधे दुसऱ्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या पण वापरल्या आणि आतून सगळ्या सारख्याच निघाल्या, फरक फक्त खोक्याच्या रंगाचा.

वापरायला सोप्पं आहे. कपात लघवी घ्यायची, पट्टी बाणाच्या बाजूने मॅक्स लिहिलंय त्या रेघेपर्यंत बुडवायची, आडवी ठेवायची, पाच मिनिटांनी बघायची. लघवी पट्टीवरून वर चढत जाते, वाटेत सोन्याचे अगदी सूक्ष्म कण लावलेल्या अँटिबॉडीज असतात (हो, खरंच सोनं, इतक्या बारीक कणांत ते लालसर दिसतं), त्या लघवीतलं एलएच नावाचं हार्मोन पकडतात आणि पुढे जाऊन एका रेघेवर अडकतात. ती टेस्ट लाइन. तिच्या वर कंट्रोल लाइन, ती एलएच असो नसो आलीच पाहिजे, नाही आली तर पट्टी बाद. माझ्या पन्नासात दोन बाद निघाल्या, चालायचंच.

आता पहिला घोळ. पहिल्याच महिन्यात दहाव्या दिवशी फिकट दुसरी रेघ दिसली आणि मी बाथरूममधूनच नवऱ्याला ओरडून सांगितलं की आली आली. कारण डोक्यात प्रेग्नन्सी टेस्ट. तिथे फिकट रेघ पण पॉझिटिव्ह धरतात कारण ते हार्मोन एरवी अंगात जवळजवळ नसतंच. एलएचचं तसं नाही, ते रोज थोडं थोडं असतंच, त्यामुळे फिकट रेघ महिनाभर कधीही येऊ शकते. टेस्ट लाइन कंट्रोल लाइनइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. माहितीपत्रकात हे आहे, नाही असं नाही, पण इतक्या बारीक अक्षरात की मला चौथ्या दिवशी सापडलं. तोपर्यंत आमचे चार दिवस उगाच उत्साहात गेले.

नवऱ्याने मग काय केलं तर गुपचूप एक पट्टी स्वतः वापरली आणि तोंड पाडून घेऊन आला, अगं मला पण रेघ आली. अगदी पुसट पण आली. दोन मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग वाचलं तेव्हा कळलं की यात घाबरण्यासारखं काही नाही, एलएच पुरुषांत पण असतंच. तेच हार्मोन तिथे वृषणातल्या लेडिग पेशींना सांगतं की टेस्टोस्टेरॉन बनवा. हार्मोन एकच, कुठल्या पेशीच्या दारावर जाऊन थाप मारतं त्यावर काम ठरतं. फरक इतकाच की त्यांच्यात बायकांसारखी महिन्यातून एकदा लाट येत नाही.

तर ही लाट, सर्ज म्हणतात ती, हेच सगळं प्रकरण आहे आणि नेमकं इथेच माहितीपत्रक चुकलंय. त्यात ठळक अक्षरात लिहिलंय की 'दोन्ही रेषा गडद म्हणजे तुमचं बीजांड बाहेर आलं.' चूक आहे हे! पट्टीला अंडाशयात काय चाललंय ते कळतच नाही. पट्टी बघते एलएच, आणि एलएच अंडाशयात बनत नाही, ते बनतं डोक्यात, पिट्युटरी ग्रंथीत. मटारएवढी ग्रंथी, वजन साधारण अर्धा ग्रॅम, नाकाच्या मुळाच्या मागे कवटीच्या तळाला हाडात एक खोबण असते तिच्यात बसलेली. म्हणजे आपण लघवी तपासतोय, विषय ओटीपोटाचा, आणि वाचतोय काय तर डोक्यातून खाली निघालेली चिठ्ठी. चिठ्ठी निघाली एवढंच पट्टी सांगते. पोचली का, वाचली का, त्यावर काम झालं का, हे नाही सांगत.

हे लक्षात आलं तेव्हापासून मला पट्टीपेक्षा ती चिठ्ठी कोण लिहितं यातच जास्त इंटरेस्ट आला, म्हणून थोडं लांबण लावतेय, ज्यांना फक्त घ्यावी की नको एवढंच हवंय त्यांनी शेवटाकडे उडी मारली तरी चालेल.

पिट्युटरी पण स्वतःच्या मनाने काही करत नाही. तिच्या वर मेंदूचाच एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. तिथे काही मोजक्याच चेतापेशी आहेत, हजार दोन हजार असतील, बस, अब्जावधी पेशींच्या मेंदूत एवढ्याच, आणि त्या जीएनआरएच नावाचा दहा अमिनो आम्लांचा एक छोटासा रेणू सोडतात. म्हणजे पेशी मज्जासंस्थेची आणि काम हार्मोनचं. शाळेत आपल्याला मज्जासंस्था वेगळा धडा, अंतःस्रावी ग्रंथी वेगळा धडा, प्रजनन वेगळा धडा (आणि तो बाई घाईघाईत उरकायच्या), आणि शरीरात बघावं तर तिन्ही एकाच टेबलावर बसलेत. त्यातून अजून गंमत, या पेशी मुळात मेंदूत तयारच होत नाहीत, गर्भात असताना त्या नाकाच्या जागी तयार होतात आणि वासाच्या चेतातंतूंच्या वाटेने चालत चालत मेंदूत जातात. वाटेत अडकल्या तर कालमन सिंड्रोम, म्हणजे वास येत नाही आणि वयात येणंही आपोआप होत नाही. वास आणि पाळी! मी हे वाचून चाट पडले होते.

आणि हा जीएनआरएच नळासारखा सलग वाहून चालत नाही, ठोके पडल्यासारखा यावा लागतो. पाळीनंतरच्या पहिल्या टप्प्यात साधारण ६० ते ९० मिनिटांनी एक ठोका, ओव्ह्युलेशननंतर तीन चार तासांनी एक. १९७८ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की तासाला एक ठोका दिला तर पिट्युटरी छान काम करते आणि तेच औषध सलग चालू ठेवलं तर चक्क बंद पडते. सारखं तेच ऐकून कान बंद होतात ना, तसं. आयव्हीएफमध्ये काही इंजेक्शनं नेमकी यासाठीच देतात, मधेच सर्ज येऊन अंडं वेळेआधी निसटू नये म्हणून पिट्युटरीला गप्प करायचं. जीएनआरएचची रचना शोधून काढणारे शॅली आणि गिलेमिन, दोघांना १९७७ चं नोबेल मिळालं, एकाने डुकरांचे आणि दुसऱ्याने मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस ढिगाने गोळा करून हे रेणू वेगळे केले होते. त्याच वर्षीच्या त्याच नोबेलचा अर्धा वाटा रोझलिन यॅलो यांना, रक्तातलं अगदी इवलंसं हार्मोन अँटिबॉडी वापरून मोजायची पद्धत काढल्याबद्दल. माझ्या हातातली पट्टी म्हणजे त्याच कल्पनेची स्वस्त नात.

बरं, मग एरवी थोडं थोडं असणारं एलएच एकदम एवढं उसळतं कशाने? इथे अंडाशयाचा हात आहे. अंडाशयात दर महिन्याला काही फॉलिकल (आत अंडं असलेल्या छोट्या पिशव्या) वाढायला लागतात, त्यातलं सहसा एकच पुढे जातं आणि ते इस्ट्रोजेन बनवतं. इस्ट्रोजेन थोडं असताना ते वरच्यांना म्हणतं, पुरे, कमी पाठवा. साधा थर्मोस्टॅटचा हिशोब. पण फॉलिकल पिकत आलं की इस्ट्रोजेन बरंच वर जातं, आणि ते रक्तात २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर जाऊन साधारण दोन दिवस टिकलं की त्याचा अर्थच उलटा होतो, आता ते म्हणतं पाठवा, सगळं पाठवा. तेच हार्मोन, तोच मेंदू, आणि निरोप बरोबर उलटा. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. कारण अंडं तयार झालंय की नाही ते मेंदू बघायला येऊ शकत नाही, पण दोन दिवस टिकलेलं इस्ट्रोजेन हा पुरावा तो मान्य करतो. मधे किसपेप्टिन नावाच्या रेणूच्या चेतापेशी हा निरोप पोचवतात. त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं ते कॅन्सरच्या संशोधनात, आणि अमेरिकेतल्या हर्शी गावात सापडलं म्हणून तिथल्या किसेस चॉकलेटवरून नाव ठेवलं. पाळीशी त्याचा संबंध आहे हे २००३ मध्ये कळलं, नाव आधीच पडलेलं, आणि योगायोगाने कामाला शोभलं.

सर्ज सुरू झाल्यापासून अंडं बाहेर पडायला साधारण ३४ ते ३६ तास लागतात. त्या वेळात फॉलिकलची भिंत आतून विरघळवली जाते आणि आतलं बीजांड, जे आपण आईच्या पोटात असल्यापासून अर्धवट विभागणीत थांबलेलं असतं, ते पुढचं पाऊल टाकतं. म्हणजे तिशीतल्या बाईच्या अंगात तीस वर्षं थांबलेली एक पेशी एका संध्याकाळी कामाला लागते. त्या संध्याकाळी मी बहुतेक कपडे वाळत घालत होते.

म्हणून पट्टी पॉझिटिव्ह आली की पुढचा एक ते दीड दिवस महत्त्वाचा, आधीच होऊन गेलं असं नाही. माहितीपत्रकावर विश्वास ठेवून आम्ही पहिल्या महिन्यात पॉझिटिव्ह आल्यावर 'गेली वाटतं वेळ' म्हणून गप्प बसलो. बरोबर उलटं करायला हवं होतं. अंडं बाहेर आल्यावर १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत वाट बघू शकतात, म्हणजे ओव्ह्युलेशनच्या आधीचे दिवसच कामाचे. असं एक वाक्य छापायला त्यांना जागा नाही पण खोक्यावर फुलपाखरं आहेत पाच.

दुसरी तक्रार, पत्रकात लिहिलंय दिवसातून एकदा, सकाळी उठल्यावर. काही जणींचा सर्ज एका दिवसाच्या आतच संपतो. दुसऱ्या महिन्यात मी सकाळी अकराला केली, फिकट. संध्याकाळी सातला सहज म्हणून केली आणि टेस्ट लाइन कंट्रोलपेक्षा गडद, लालभडक. दुसऱ्या दिवशी अकराला परत फिकट. एकदाच केली असती तर तो महिना मी 'ओव्ह्युलेशन झालंच नाही' म्हणून रडले असते. आणि सर्ज बऱ्याचदा पहाटे रक्तात सुरू होतो, लघवीत उतरायला काही तास जातात, त्यामुळे सकाळची पहिली लघवी या टेस्टला तितकीशी बरोबर नाही, दुपार बरी, संध्याकाळ बरी. करायच्या आधी दोन तास भरपूर पाणी प्यायचं नाही, नाहीतर सगळं पातळ होऊन रेघ खोटी फिकट दिसते. आणि ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीपाशी बघा. आणि कचऱ्यातून काढून तासाभराने परत बघू नका, वाळलेली पट्टी काहीही दाखवते (मी बघितलीये, सगळ्याच बघतात).

आता ॲप. ॲपबद्दल काय बोलू. त्यात पाळीची तारीख टाकली की चौदाव्या दिवशी हिरवं फूल उमलतं आणि खाली लिहून येतं आज तुमचा सर्वोत्तम दिवस. माझं चक्र पहिले चार महिने २९, ३३, ३२ आणि ३९ दिवसांचं होतं. पट्टी पॉझिटिव्ह आली १५, १९, १७ आणि २५ व्या दिवशी. वजाबाकी करून बघा, पॉझिटिव्हनंतर चक्राचे उरले १४, १४, १५, १४ दिवस. म्हणजे चक्र लांबतं किंवा आखूड होतं ते पुढच्या बाजूने, ओव्ह्युलेशननंतरचा भाग जवळजवळ ठरलेला. कारण अंडं गेल्यावर रिकाम्या फॉलिकलचं एक पिवळं शरीर होतं, कॉर्पस ल्युटियम, ते प्रोजेस्टेरॉन बनवतं आणि गर्भ नाही राहिला तर दोनेक आठवड्यांत स्वतःच विरून जातं, ते विरलं की पाळी. ॲपला या वजाबाकीचा पत्ताच नाही. मी रोज फोटो टाकतेय, निगेटिव्ह दिसतंय, तरी चौदाव्या दिवशी फूल उमललंच. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की आमचं तंत्रज्ञान प्रगत आहे आणि तुम्ही निश्चिंत राहा. चौदा मोजायला कसलं तंत्रज्ञान, बोटं पुरतात की.

त्यात एक 'हार्मोन बॅलन्स स्कोअर' पण आहे, शंभरपैकी. मला ६८ मिळाले. एका पट्टीवरच्या एका रेघेवरून कसला बॅलन्स काढतात देव जाणे, त्या पट्टीला थायरॉइड माहीत नाही, प्रोलॅक्टिन माहीत नाही, इस्ट्रोजेन पण माहीत नाही.

तो ३९ दिवसांचा महिना सांगते. घरात आजारपण होतं, तीन आठवडे हॉस्पिटलच्या खुर्चीवर झोपत होते, झोपत म्हणजे बसत. पंधराव्या दिवसाच्या आसपास रेघ गडद व्हायला लागली, मला वाटलं आता येणार, आणि दोन दिवसांनी परत फिकट पडली. मग पंचविसाव्या दिवशी एकदम पॉझिटिव्ह. डॉक्टर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या ताण असला की मेंदूतून ताणाची हार्मोन्स निघतात, कॉर्टिसॉल वाढतं आणि जीएनआरएचचे ठोके मंदावतात, ठोके मंदावले की फॉलिकल रेंगाळतं. त्या एका महिन्यात हेच झालं असं काही कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण मशीन असंच चालतं. आणि त्याच महिन्यात ॲपने रोज रात्री नोटिफिकेशन पाठवलं, रिलॅक्स करा, चिंता करू नका. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ते वाचून मी ॲप उडवलं.

तिसऱ्या महिन्यात मॅडमनी फॉलिक्युलर स्टडी करून घेतला होता, म्हणून पट्टीची परीक्षा पण घेता आली. पट्टी पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी सोनोग्राफीत फॉलिकल १९ मिलिमीटरचं, काळं गोल टपोरं. मी म्हटलं पत्रकात लिहिलंय अंडं बाहेर आलं. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, म्हणाल्या हे काय, आत बसलंय की. दोन दिवसांनी गेलो तर ते गोल आक्रसलेलं, कडा वेड्यावाकड्या, आणि गर्भपिशवीच्या मागे थोडं पाणी. म्हणाल्या आता फुटलं. मग हेही सांगितलं की कधी कधी सर्ज येतो आणि फॉलिकल फुटतच नाही, अंडं आतच राहतं, आणि पट्टी मात्र पॉझिटिव्हच दाखवते. सर्जनंतर खरंच फुटलं का हे बघायचं तर सोनोग्राफी, किंवा पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन. घरी करायचं तर रोज सकाळी उठायच्या आधी ताप मोजायचा, प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि चढलेलंच राहतं, पण ते झाल्यावर कळतं, आधी नाही.

ज्यांनी ही पट्टी घेऊच नये त्या पण सांगते. पीसीओएस असेल तर एलएच एरवीच चढं असू शकतं, पट्टी आठवडाभर पॉझिटिव्ह दाखवत बसेल आणि तुम्ही वेड्या व्हाल. पाळी जायच्या वयाच्या जवळ आलेल्यांचं पण तेच, कारण अंडाशय उत्तर देत नाही म्हणून पिट्युटरी ओरडतच राहते. एचसीजीचं (प्रेग्नन्सी टेस्ट जे हार्मोन शोधते ते) इंजेक्शन घेतलं असेल तर तेही खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, एचसीजी आणि एलएच दिसायला सख्ख्या बहिणी, रेणूचा अर्धा भाग तर तंतोतंत तोच. याच कारणाने १९३० च्या दशकात बायकांची लघवी आफ्रिकन बेडकीणीला टोचून प्रेग्नन्सी टेस्ट करायचे, एचसीजी असलं की बेडकीण काही तासांत अंडी घालायची, तिच्या अंगाला वाटायचं आपल्याच मेंदूची चिठ्ठी आली. आणि संततिनियमन म्हणून ही पट्टी अजिबात वापरू नका, शुक्राणू पाच दिवस थांबतात हे वर सांगितलंच.

रिझल्ट लागला की नाही ते इथे लिहिणार नाही, विचारू नका, तो पट्टीचा रिझल्ट नाही. शिवाय एकट्या बाईच्याच पट्ट्या तपासत बसू नका, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि त्यांची तपासणी एका दिवसात होते, आमच्याकडे तीच सगळ्यात शेवटी झाली.

पट्टीला चार स्टार, बाद निघालेल्या दोनचा एक कापला. पत्रकाला एक. ॲपला शून्य द्यायची सोय नाही.

अकरा पट्ट्या उरल्यात, एक्सपायरीला अजून वेळ आहे. धाकटी बहीण मागत होती म्हणून तिला देतेय, पत्रकासकट. 'तुमचं बीजांड बाहेर आलं' वर पेनाने काट मारून बाजूला लिहिलंय, चिठ्ठी निघाली, दीड दिवस धर. आणि फुलपाखरांच्या खाली, संध्याकाळी पण कर.